चांद्यातलं डोमाजी मिस्त्रीचं घर

पुणे स्टेशनावर खिडकीतून डबा आत देताना बायकोने विचारलं, "आणि ते घर सापडलंच नाही तर?" मी नुसता हसलो. तिने हसण्यासारखं काही विचारलं नव्हतं, पण त्या वर्षी मी जरा जास्तच हसत असे. एका साप्ताहिकात माझं सदर चालू होतं. वाचकांनी गावातले जुने फोटो पाठवायचे आणि ती गल्ली कोणती, तो वाडा कोणाचा, हे मी ओळखून दाखवायचं. पोस्टातली नोकरी सांभाळून मी बऱ्याच फोटोंचा निकाल लावला होता. त्यातल्या दोन-तीन वेळा तर मी बरोबर असल्याचं लोकांनी कबूलही केलं होतं.

आता मी निघालो होतो चंद्रपूरला. मुलचेऱ्याच्या अलीकडच्या एका गावातून रामटेके गुरुजी नावाच्या शिक्षकांचं पत्र आलं होतं. सोबत तळहाताएवढा पिवळा पडलेला फोटो. गुरुजींनी लिहिलं होतं, 'या फोटोत जे घर दिसते ते माझ्या आईच्या वडिलांनी, डोमाजी मिस्त्रींनी, चांद्यात एका मालगुजारासाठी बांधले.' (चंद्रपूरला जुनी माणसं अजून चांदाच म्हणतात, आणि मालगुजार म्हणजे तिकडचा जमीनदार.) 'बांधून झाल्यावर मात्र त्यांना त्या घराच्या उंबऱ्याआत पाय ठेवू दिला नाही. आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दिसते आहे तोवर तिला एकदा त्या घरात जायचे आहे. मी शोधून पाहिले, मला ओळखू येत नाही. आपण तज्ज्ञ आहात.'

शेवटचं वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं आणि रजेचा अर्ज टाकला.

तयारी मी शास्त्रशुद्ध केली. तो इवलासा फोटो पुण्यात हातभर मोठा करून घेतला. करताना खालची कड कापून टाकली, कारण तिथे माणसांची एक रांग उभी होती. हा माझा शिरस्ताच होता. माणसं पुढे उभी राहतात आणि खिडक्या झाकतात. माणसांबरोबर गल्लीच्या मधोमध असलेली विहीरही अर्धी गेली, पण विहीर ही काही इमारत नव्हे. राहिलं ते असं: सरळ जाणारी गल्ली, टोकाला परकोटाचा (गावाभोवतीच्या तटाचा) दरवाजा आणि उजव्या हाताला दगडी कमानीचं घर. ही गुंडाळी मी पुठ्ठ्याच्या लांब नळीत घातली आणि नळी खांद्याला लावली.

वर्ध्याला गाडी बदलली. वरोऱ्याला कापसाच्या गाड्यांची रांग रुळांपर्यंत आलेली होती आणि डब्यात इतका कापूस उडून आला की समोरचे गृहस्थ झोपेतच म्हातारे दिसायला लागले. चंद्रपूरला उतरलो तेव्हा माझा सदरा पांढरा होता. जटपुरा दरवाजाजवळच्या लॉजपर्यंत सायकलरिक्षाने पोचेस्तोवर कॉलरवर कोळशाची काळी रेघ आली. लॉजचा मॅनेजर म्हणाला, "पांढरं नोका घालत जाऊ सायेब इथी." माझ्याकडे चारही सदरे पांढरे होते.

गल्ली मला दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. विहीर होती, टोकाला दरवाजा होता आणि उजव्या हाताला कमानीचं घर होतं. फोटोत वर तीन खिडक्या होत्या, इथे दोनच. तिसरी नंतर बुजवली असणार. फोटोत दाराशी दोन पायऱ्या, इथे एकही नाही. रस्ता वर आला असणार. माझी पद्धत तशी सोपी आहे. जुळेल तो पुरावा आणि जुळणार नाही ते काळाच्या ओघात बदललेलं.

घरमालक कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क होते. ते म्हणाले, "आमच्या वडिलांनी बांधलं हो. मी शाळेत होतो तेव्हा. मले चांगलं आठवते." मी त्यांना समजावलं की वडिलांनी फक्त डागडुजी केली असेल, कमान जुनी आहे. पाऊण तास मी त्या माणसाला त्याच्याच घराचा इतिहास शिकवला. शेवटी ते बिचारे म्हणाले, "असन बा," आणि छापून येताना आपलं नाव पूर्ण यावं एवढं सांगितलं. उन्हाने जीव कासावीस झाला होता, म्हणून निघताना मी समोरच्या बाजूला, विहिरीपासून पंधरा-वीस पावलांवर असलेल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या भिंतीला टेकून थोडा वेळ सावलीत उभा राहिलो. हे आत्ताच लिहून टाकतो, कारण पुढे लिहायला आणखी लाज वाटेल.

मायलेकांना सन्मानाने घेऊन यायचं म्हणून तिसऱ्या दिवशी मी गडचिरोलीच्या एस.टी.त बसलो. मूल गाव ओलांडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जंगल लागलं. मधे मधे धानाची (भाताची) शेतं, काही कापलेली, काही कापायची. वैनगंगेच्या पुलावर कंडक्टरने माझ्या नळीकडे बोट दाखवलं.

"हे काय आहे सायेब? बंदूक-गिंदूक नाई ना?"

"फोटो आहे."

"येवढा लांब? कोनाचा, अजगराचा?"

सगळी बस हसली. गडचिरोलीला बस बदलून पुढे चामोर्शी, आष्टी असं करत मी संध्याकाळी त्या गावात उतरलो तेव्हा माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती. ती कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी ती हळूच सीटवर ठेवून उतरलो.

रामटेके गुरुजी स्टँडवर छत्री घेऊन उभे होते. पाऊस नव्हता. छत्री माझ्या स्वागतासाठी होती. घरी सायत्राबाई, म्हणजे त्यांच्या आई, अंगणात बाजेवर बसल्या होत्या. बारीक चणीच्या, पांढरं लुगडं, डोळे किलकिले करून बघणाऱ्या. "जयभीम भाऊ, बसा," म्हणाल्या. मी "नमस्कार" म्हणालो. माझ्या तोंडून तेच येतं.

जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि पलीकडच्या बंगाली वस्तीतून खास माझ्यासाठी आणलेली मासळी. मी मासे खात नाही हे सांगायला मला फार संकोच वाटला आणि ते ऐकून त्यांना त्याहून जास्त. मग मी वरण-भातच इतका खाल्ला की सूनबाईंनी दुसरं पातेलं चढवलं.

जेवणानंतर मी नळी उघडली आणि हातभर फोटो कंदिलापुढे धरला. सायत्राबाई तो अगदी नाकाशी नेऊन बघत राहिल्या.

"लय मोठा केला. यात बा कुठी आहे?"

"ते खालच्या कडेला होते," मी म्हणालो, "त्यामुळे आले नाहीत. पण घर बघा ना, किती स्पष्ट आलंय."

त्यांनी तो बाजूला ठेवला आणि मूळ छोटा फोटो मागून घेतला. तो मी परत आणलाच होता. मग त्या सांगायला लागल्या. "विहिरीकून दरवाजाकडे चाललं का डाव्या हाताले घर आहे. मी बाची शिदोरी घेऊन जात होती. दोन वर्सं रोज. डाव्या हाताले वळत होती."

"बाई, फोटोत तर ते उजव्या हाताला आहे."

"असन. पन मी डाव्या हाताले जात होती."

यावर मी जे बोललो ते शब्दशः देतो, कारण गुरुजींनी ते कौतुकाने वहीत उतरून घेतलं होतं. मी म्हणालो, "साठ वर्षांत माणसाच्या आठवणीत डावं-उजवं सहज फिरतं. फोटोला आठवण नसते, म्हणून तो चुकत नाही."

सायत्राबाईंनी छोटा फोटो मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "तुमी शिकलेले. माझंच चुकलं असन."

"तुमच्या वडिलांना आत जाऊ दिलं नाही, ते कधी?" मी विचारलं.

"हा फोटो काढला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. वास्तुशांत झाली होती. बाची थापी आत राह्यली होती. ते घ्यायले गेला तं दारातच थांबवलं. म्हने, आता घर शुद्ध झालं. आतून थापी फेकून देल्ली त्याच्यासमोर." त्यांचा आवाज चढला नाही की पडला नाही. "दोन वर्सं दिवसभर त्याच घरात होता भाऊ. छत नव्हतं तवा चालत होतं."

आमच्याही घराला उंबरा आहे आणि तो कोणी बांधला, बांधणारा नंतर कधी आत आला का, हे मी उभ्या जन्मात कोणाला विचारलेलं नव्हतं. मी फोटोची नळी बंद केली.

पहाटेच्या बसने आम्ही तिघं निघालो आणि दुपारी त्या गल्लीत पोचलो. सायत्राबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. हेडक्लार्क काका दारात तयार होते. "जयभीम," सायत्राबाई म्हणाल्या. "हो हो, नमस्कार, या," काका म्हणाले. त्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांच्या पत्नीने चहा-चिवडा आणला. सायत्राबाईंनी उंबरा ओलांडला, खुर्चीवर बसल्या, भिंतीवरून एकदा हात फिरवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून होतो. मला तिथे अश्रू हवे होते, लेखाचा शेवट मी त्यांच्यावरच बेतला होता. त्यांनी चहा संपवला, बशी पुसून ठेवली आणि म्हणाल्या, "चला."

बाहेर आल्यावर त्यांना चालवेना. विहिरीजवळ अजीजभाई नावाचे एक साठीतले टेलर दुकानाच्या फळीवर मशीन मांडून बसले होते. त्यांनी जागा करून दिली. सायत्राबाई बसल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, "मले काहीच नाई वाटलं रे. इतकी वर्सं मनात होतं, आन काहीच नाई वाटलं. माझं मनच वाळून गेलं असन."

गुरुजींनी खाली मान घातली. मी घड्याळात पाहिलं. परतीच्या गाडीला वेळ होता आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

सायत्राबाईंच्या हातात तो छोटा फोटो होता. अजीजभाईंनी तो बघायला मागितला. माणूस फोटोत काय बघतो हे त्याच्या धंद्यावर असतं. मी खिडक्या बघतो. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि रांगेतल्या मधल्या माणसावर, म्हणजे मालगुजारावर, बोट ठेवलं.

"ह्याचा कोट कोनं शिवला, सायेब?"

"का?"

"मरदाच्या कोटाचा डावा पल्ला वरतं असते. ह्याचा उजवा वरतं आहे. असा तं बाईचा शिवते."

"चुकला असेल शिंपी," मी म्हणालो.

"वरचा खिसाबी उजव्या छातीवर आहे. येवढा गधा शिंपी चांद्यात नोता, सायेब." ते दुखावल्यासारखे झाले होते. "आमच्या अब्बाच्या वक्ताले ह्या गल्लीत आमचं एकच दुकान होतं."

तेव्हा सायत्राबाई हळूच म्हणाल्या, "बाच्याबी डाव्या हातात थापी आहे. बा डावखुरा नोता. मले वाटे, फोटोवाल्यानं तशी धरायले लावली."

अजीजभाईंनी भिंतीवरचा आरसा काढला, गिऱ्हाईक कपडा घालून बघतं तो, आणि फोटो त्याच्यासमोर धरला. आरशात मालगुजाराचा कोट सरळ झाला. थापी उजव्या हातात आली. आणि कमानीचं घर गल्लीच्या उजव्या बाजूकडून उठून डाव्या बाजूला जाऊन बसलं, तीन खिडक्या आणि दोन पायऱ्यांसकट.

काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेली ती प्रत होती. शिकाऊ माणसालाही माहीत असणारी चूक. गल्लीत एकही पाटी नव्हती, अक्षरं असती तर उलटी दिसली असती. पण माणसं होती आणि ती दिसत होती, फक्त मी त्यांना कापून टाकलं होतं.

"बिघडलेली प्रत," गुरुजी म्हणाले. "आजा सांगे, मालगुजारानं खूश होऊन फोटो बक्षीस दिला. बिघडली होती म्हणून दिली." ते पहिल्यांदाच रागावलेले दिसले, आणि माझ्यावर नव्हे, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मी सायत्राबाईंसमोर उकिडवा बसलो. "बाई, तुमचं बरोबर होतं. डावा हातच. माझं चुकलं. मी तुम्हाला उगीच…"

त्या ऐकत नव्हत्या. आरशात बघत होत्या. "हा आहे माझा बा," म्हणाल्या. "असाच धरे तो थापी." मग फोटो हातात घेऊन फळीवरून उतरल्या, विहिरीकडे गेल्या, दरवाजाकडे तोंड केलं आणि चालायला लागल्या. गुरुजी हात धरायला धावले, तो त्यांनी झटकला. पंधरा-वीस पावलांवर त्या डावीकडे वळल्या आणि टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पुढ्यात थांबल्या. पाटीमागे कमान अर्धी झाकलेली होती. पायऱ्या दोन होत्या. मी वर बघून खिडक्या मोजल्या, कारण जित्याची खोड. तीन होत्या.

दारात चपलांचा ढीग होता. आतून खडखडाट येत होता. घर मालगुजाराच्या नातवंडांनी भाड्याने दिलं होतं आणि ते सगळे नागपूरला होते, हे मागाहून कळलं. आत आठ-दहा मशीनं, त्यावर तेवढ्याच मुली, आणि खुर्चीत एक तरुण बाई हातात छडी घेऊन.

"आजी, चपला बाहेर काढा," त्या म्हणाल्या. "मशीनमधी धूळ जाते."

सायत्राबाईंनी चपला काढल्या. पण उंबऱ्याशी त्यांचा पाय अडला. सवयीने त्या म्हणाल्या, "जयभीम."

"जयभीम आजी," दोन मशीनांवरून उत्तर आलं. त्या मुलींनी मानही वर केली नाही. बोटं चालूच होती.

सायत्राबाई दाराशी थबकून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुमी कुठल्या गं बायांनो?"

"बाबूपेठच्या."

"रोज येता?"

"रोज. सकाळची बॅच असते आमची. आज मॅडमनं दुपारी बोलावलं."

"ह्याच दारातून येता?"

मुलगी थांबली. प्रश्न तिला कळला नाही. "दुसरं दारच नाई ना आजी," ती म्हणाली.

इतका वेळ कोरड्या राहिलेल्या सायत्राबाई तिथे रडायला लागल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. मी दुसरीकडे बघितलं. अश्रूंवर लेख बेतणारा मी, ते आल्यावर मात्र मला ते बघवले नाहीत.

मग त्यांनी डोळे पुसले, गल्लीकडे वळल्या आणि हातातल्या फोटोला म्हणाल्या, "चाल बा." आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. समोरच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात रिबिनी आणि तेलाची बाटली ठेवलेली. त्यांनी ती बाटली जरा सरकवली आणि फोटो कोनाड्यात टेकवून उभा केला. "बस इथी," म्हणाल्या. आणि स्वतः खाली फरशीवर बसल्या. मॅडमनी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. मुली टाईप करत राहिल्या. गुरुजी आणि मी दारातच उभे होतो. आमच्या चपला काढायच्या राहिल्या होत्या.

हेडक्लार्क काकांकडे जाऊन मला सांगावं लागलं की घर त्यांच्या वडिलांनीच बांधलं होतं. "मी तेच म्हनत होतो," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा चहा पाजला, जो मला जड गेला.

पुण्याला परतलो आणि मोठा करताना काढलेल्या निगेटिव्हवरून साप्ताहिकाला फोटो दिला, या खेपेला सरळ करून आणि न कापता. आमच्या सदराची रीत अशी की फोटोखाली घर कोणाचं ते द्यायचं. मी लिहिलं, 'चांदा येथील डोमाजी मिस्त्री यांनी बांधलेलं घर. उजव्या टोकाला थापी घेऊन उभे आहेत ते.' संपादकांनी मालगुजाराचं नाव विचारलं. मी आठवत नाही म्हणून सांगितलं. आठवत होतं. ओळ तशीच छापून आली आणि मी अंक मोठ्या तोऱ्यात गुरुजींना पाठवला.

त्यांचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. त्यांनी लिहिलं होतं, 'आईला ओळ वाचून दाखवली. तिने पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, येवढंच? मी हो म्हणालो. तेव्हा म्हणाली, "बाले ते घर बांधायले दोन वर्सं लागली, आन भाऊनं एका ओळीत उरकलं."'

म्हणून मी हे पुन्हा, पहिल्यापासून लिहायला बसलो.